विंटेज बेससाठी कर्ज काढा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या वादकांच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण परवा भाच्याने विचारलं, "मामा, माझा पाच तारांचा बेस विकून आणि वर थोडं कर्ज काढून बहात्तर सालचा जॅझ बेस घेतला तर?" आणि आधाराला तोच मेसेज पाठवला. (बेस म्हणजे बेस गिटार. जॅझ बेस आणि प्रिसिजन बेस ही अमेरिकेच्या फेंडर कंपनीची दोन मॉडेलं.) पोरगं गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवतं, उरलेलं वर्ष मित्रांबरोबर रॉक वाजवतं. दोन्हीत मिळून पेट्रोलचा खर्च निघतो, एवढंच. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज थोडक्यात असा: १९६५ च्या आधीचा फेंडर तोच खरा बेस. रॉकच्या सगळ्या दिग्गजांनी विंटेजच वाजवला. लाकूड जुनं होईल तसं "उघडतं" आणि जुन्या पातळ फिनिशमधून, म्हणजे रंगाच्या लेपातून, "श्वास घेतं". रीइश्यू, म्हणजे कंपनीने जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली नक्कल, हा जुन्या नावावर नवा रंग. बॅटरीवाले आधुनिक बेस म्हणजे प्लास्टिक. आणि शेवटी ठळक अक्षरात: विंटेज बेस ही सोन्यासारखी गुंतवणूक आहे, कर्ज काढून घेतला तरी तोटा नाही.

आधी ते "दिग्गजांनी विंटेजच वाजवला". हे वाचून मला खरंच हसू आलं. जेम्स जेमर्सनचा तो प्रसिद्ध प्रिसिजन बेस १९६२ चा. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीची गाणी त्यावर रेकॉर्ड झाली ती साठच्या दशकात. म्हणजे आज ज्याला आपण विंटेज म्हणून हात जोडतो, तो त्या वेळी चार-पाच वर्षांचा होता. जॉन पॉल जोन्सचा जॅझ बेसही १९६२ चा, आणि त्याच्या लेड झेपेलिन या बँडचा पहिला अल्बम १९६९ चा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हँबर्गला होफनर कंपनीचा बेस घेतला, कारण फेंडर परवडत नव्हता आणि दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्याने डावखुऱ्याच्या गळ्यात तो उलटा दिसत नव्हता. ही माणसं त्या काळच्या बाजारात मिळणारी, खिशाला झेपणारी वाद्यं वाजवत होती. विंटेज ती आपल्यासाठी झाली, त्यांच्यासाठी नव्हती.

रश बँडच्या गेडी लीचं उदाहरण तर मेसेजवाल्याने स्वतःच दिलंय आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. त्याचा काळा जॅझ बेस १९७२ चा. अमेरिकेत कॅलामाझूच्या एका गहाणवट दुकानात त्याला तो दोनेकशे डॉलरला मिळाला. म्हणजे एक, तो १९६५ नंतरचा. दोन, तो स्वस्तातला जुना माल म्हणून घेतला होता, ठेवा म्हणून नाही. बेसवादक जाको पास्टोरियसने आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) काढून टाकले आणि फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या फळीवर, होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलं. आज कुणी साठ सालच्या बेसला असं केलं तर हेच ग्रुपवाले त्याला वाळीत टाकतील. आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसने आपला सत्तरच्या सुरुवातीचा प्रिसिजन कितीदा रंगवून घेतला! आणि रेड हॉट चिली पेपर्सचा फ्ली? नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून बरीच वर्षं त्याच्या हातात मोड्युलस कंपनीचा बेस होता, ग्रॅफाइटच्या नेकचा, म्हणजे दांड्याचा. मेसेजच्या हिशेबाने शुद्ध प्लास्टिक. पुढे तो १९६१ चा जॅझ बेसही वाजवू लागला हे खरं, पण तोवर त्याचं नाव झालेलं होतं.

१९६५ ची रेघ कुठून आली तेही सांगतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या रेडिओ-टीव्ही कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे माल बिघडत गेला, हे कबूल. पण तो हळूहळू बिघडला, आणि सत्तरच्या दशकात जास्त: ॲशच्या लाकडाच्या जड बॉड्या, सैल बसणाऱ्या नेक. १९६४ ला सगळं सोनं आणि १९६६ ला सगळी माती, असं झालेलं नाही. शिवाय जुने भंगार बेस लोकांनी केव्हाच सुटे करून पार्ट म्हणून विकले. आज शिल्लक आहेत ते बहुतेक निवडून उरलेले. त्यांच्यावरून सगळ्या जुन्या मालाला प्रमाणपत्र देता येत नाही.

आता लाकूड. आपल्या भागात हा मुद्दा पटकन पटतो याचं कारण मला मिरजेत दिसतं. तिथला तानपुरा ऐकत मोठे झालेल्या माणसाला वाद्याचा आवाज म्हणजे भोपळा आणि लाकूड हे सांगावं लागत नाही, आणि तानपुऱ्यात ते बरोबरच आहे. तिथे तारेचं कंपन घोडीतून तबलीत आणि भोपळ्यात उतरतं, आतली हवा हलते आणि तीच आपल्या कानावर येते. इलेक्ट्रिक बेसमध्ये असं होत नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. वर लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत वीज तयार होते. अँपला जाते ती ही वीज. पिकअप लाकूड ऐकतच नाही. लाकूड आणि नेकचा ताठपणा तारेच्या हलण्यावर थोडा परिणाम करतो, सूर किती टिकतो त्यावर करतो, बस. तारा कोणत्या, पिकअप कुठे बसवलाय, बोटं कशी पडतात, यापुढे तो परिणाम किरकोळ आहे. जेमर्सनने फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत गुंडाळीच्या, तारा बदलल्याच नाहीत, आणि एका बोटाने वाजवायचा. त्याचा आवाज हवा असेल तर सुरुवात तिथून करा.

कान मात्र शपथेवर सांगतो की जुनं वेगळं वाजतं. त्यावर एकच पुरावा देतो, पण तो दणदणीत आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात २०१२ साली क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. इंडियानापोलिसला त्यांनी २१ अनुभवी व्हायोलिनवादकांपुढे सहा व्हायोलिनं ठेवली. तीन नवी आणि तीन जुनी: दोन स्ट्रॅडिव्हेरियस, एक ग्वार्नेरी. खोलीत उजेड अगदी कमी. वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचा गॉगल, आपल्या उद्यमनगरात दिसतो तसाच. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटी टेकायच्या जागी अत्तर लावलेलं. घरी न्यायला कोणतं आवडेल, असं विचारल्यावर २१ पैकी फक्त ८ जणांनी जुनं निवडलं. सगळ्यांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. व्हायोलिन म्हणजे बेस नाही, हे मलाही कळतं. पण जिथे लाकूड हेच सर्वस्व आहे आणि वय तीनशे वर्षांच्या घरात, तिथे जाणकारांना डोळे झाकल्यावर जुनं-नवं कळेना. मग पिकअपवर चालणाऱ्या, पन्नास-साठ वर्षांच्या फळीबद्दल इतकी खात्री कुठून येते?

"श्वास घेणाऱ्या फिनिश"बद्दल फार लिहीत नाही. साधारण १९६३ पासून फेंडर वरच्या रंगाखाली लाकडावर फुलरप्लास्ट नावाचा थर देऊन छिद्रं बुजवत होती. म्हणजे या मंडळींच्या सुवर्णकाळातच लाकडाचं नाक बंद केलेलं होतं.

रीइश्यूबद्दल मेसेजमध्ये निव्वळ तुच्छता आहे. फेंडरने पहिले विंटेज रीइश्यू १९८२ ला काढले, '५७ आणि '६२ चा प्रिसिजन आणि '६२ चा जॅझ. त्याच वर्षी फेंडर जपान सुरू झाली आणि तिथला माल बघून अमेरिकेतल्या कारखान्याला घाम फुटला. ते सुरुवातीचे जपानी बेस आज स्वतःच विंटेज म्हणून विकले जातात. वर्षं गेली की शिव्या आपोआप ओव्या होतात, असं दिसतंय. रीइश्यूमध्ये मला खटकते ती गोष्ट उलटीच आहे: ते जुन्या बेसची नको ती नक्कलही करतात. जुन्या पद्धतीत ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक सरळ करणाऱ्या आतल्या सळईचा, नट नेकच्या बुडाशी असतो. पावसाळ्यात गगनबावड्याकडून ढग आले की आपल्याकडे नेक वाकते, तारा वर उचलल्या जातात आणि बाराव्या फ्रेटवर बोट दाबून दाबून दुखायला लागतं. आधुनिक बेसमध्ये हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला, ॲलन की घालून पाव आटा फिरवला की झालं. जुन्यात आणि तंतोतंत रीइश्यूत तारा सैल करा, नेक सोडवा, नट फिरवा, परत बसवा, सूर लावा, आणि अंदाज चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शोच्या दिवशी दुपारी हे करून बघा.

एक गोष्ट मात्र रीइश्यू बघताना विचाराच. जॅझ बेसचा ब्रिजकडचा (बॉडीवर तारा टेकतात तिथला) पिकअप सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिजच्या आणखी जवळ सरकवला गेला, साधारण एक सेंटिमीटरने. त्याने आवाज खरोखर बदलतो, जास्त टणक आणि करकरीत होतो. साठचा आणि सत्तरचा जॅझ वेगळे वाजतात ही अफवा नाही. पण ही जागा आज कुठल्याही नव्या बेसला देता येते. त्यासाठी लाकूड म्हातारं व्हायची वाट बघावी लागत नाही.

आधुनिक म्हणजे प्लास्टिक? बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारं आतलं सर्किट, असलेला म्युझिक मॅन स्टिंगरे १९७६ ला आला, आणि तो आणणाऱ्यांत खुद्द लिओ फेंडर होता. ज्याच्या नावाने गंडे बांधता, तोच माणूस पुढे गेला होता. स्वस्त प्रीअँप सूं-सूं करतात आणि बॅटरी ऐन गाण्यात मान टाकते, हे मान्य. नऊ व्होल्टची एक जादा खिशात ठेवा. पाचव्या तारेचा खालचा बी ३१ हर्ट्झच्या आसपास, चार तारांच्या बेसचा खालचा ई ४१ चा. ऑर्केस्ट्रात गायकाने ऐनवेळी पट्टी उतरवली की भाच्याला ती पाचवी तारच वाचवते. तीच विकायला निघालाय.

आता गुंतवणूक. इथे मला चीड येते. १९६५ च्या आधीचे, मूळ रंगाचे, मूळ पार्टचे बेस परदेशात महाग होत गेले, हे खरं आहे. पण त्यावरून कोल्हापुरात कर्ज काढा म्हणणं हा पोरांचा गळा कापायचा धंदा आहे. सोनं गुजरीत, सराफ बाजारात, नेलं तर तासाभरात कसोटी लागून पैसे हातात येतात. बहात्तरचा जॅझ बेस नेऊन बघा, काय देतात ते! तो पारखणारा इथे नाही, घेणारा नाही, आणि हप्ता मात्र दर महिन्याला आहे. परदेशी विकू म्हणाल, तर आणखी एक अडचण. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडरचे फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचे असत, आणि ते लाकूड १९९२ पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याच्या कागदांशिवाय सीमेपलीकडे पाठवलं तर जप्त होऊ शकतं. तेव्हा मेसेजमधला सगळ्यात "खरा" बेसच विकायला सगळ्यात अवघड.

आणि भाच्याला दाखवलेला बेस? जाहिरातीत लिहिलंय, "१९७२, गेडी लीच्याच वर्षाचा". फोटो मोठा करून बघितला. नेक जिथे बॉडीला जोडतात त्या मागच्या प्लेटवर स्क्रू तीन. हेडस्टॉकवर, तारा टेकतात त्या पट्टीच्या मागे, ट्रस रॉडची बंदुकीच्या गोळीसारखी टोपी. जॅझ बेसला हे दोन्ही आले १९७४-७५ च्या सुमारास. बहात्तरच्या जॅझला प्लेटवर चार स्क्रू असतात, गेडी लीच्यालाही चारच. म्हणजे एक तर वर्ष खोटं, नाहीतर नेक एकीकडची आणि बॉडी दुसरीकडची. मी भाच्याला दोन फोटो मागायला सांगितले. एक नेकच्या बुडाचा, तिथे बहुतेकदा तारखेचा शिक्का असतो. दुसरा व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीचा. तिथे १३७७४१२ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ७४ हे साल आणि १२ हा आठवडा. पॉट मूळचा असेल तर बेस त्याच्याहून जुना असू शकत नाही.

विक्रेत्याचं उत्तर आलं: "भावा, नेक काढली की व्हॅल्यू जाते." लिओ फेंडरने नेक स्क्रूवर बसवली तीच मुळी पटकन काढता-घालता यावी म्हणून.