जुन्या अंगठीत मोठा हिरा: ‘दहा मिनिटांच्या कामा’चा प्रतिवाद

प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे स्वस्त झाल्यापासून लग्नातल्या अंगठीतला वीस-तीस सेंटचा (हिऱ्याच्या वजनात शंभर सेंट म्हणजे एक कॅरट) खडा काढून तिथे मोठा हिरा बसवून घेण्याची हौस वाढली आहे, आणि त्या हौसेत गैर काही नाही. मात्र हल्ली दुरुस्तीला येणारी बरीच माणसे मोबाइलवर एकच मजकूर दाखवतात. त्याचा गोषवारा असा: नवीन अंगठी करण्याची गरज नाही, सोनार प्राँग (हिऱ्याला धरून ठेवणारी सोन्याची नखे) जरा बाहेर वाकवतो, मोठा हिरा ठेवतो आणि वरून दाबतो, दहा मिनिटांचे काम आहे, सोने 22 कॅरटचे असेल तर पकड अधिकच पक्की, हिरा हा सर्वांत कठीण पदार्थ असल्याने दाबताना किंवा तापवताना त्याला काही होत नाही, बसवल्यावर बोटाने हलवून पाहावा, हलला नाही म्हणजे झाले, आणि जुना खडा सोनाराला दिला की मजुरी फिटते. कोंदणकामाच्या मेजावर माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत, त्यामुळे या विधानांना एकेक करून उत्तर देणे मला भाग वाटते.

‘प्राँग जरा बाहेर वाकवतो.’ सगळा घोटाळा या ‘जरा’ शब्दात आहे, म्हणून आधी मोजमाप पाहू. चांगल्या घाटाचा 30 सेंटचा गोल हिरा साधारण 4.3 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि 70 सेंटचा साधारण 5.7 मिलिमीटरचा. वजन दुपटीहून अधिक वाढले तरी व्यास तिसऱ्या हिश्श्यानेच वाढतो, कारण वजन घनफळावर अवलंबून असते. ‘दुप्पट कॅरट म्हणजे दिसायला दुप्पट’ असे समजून पैसे मोजणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. पण डोळ्यांना लहान वाटणारा हा फरक प्राँगच्या दृष्टीने फार मोठा आहे. प्रत्येक बाजूला 0.7 मिलिमीटर जास्त जागा लागते, आणि प्राँगची उंची बुडापासून चार मिलिमीटर धरली तर तो सुमारे दहा अंशांनी बाहेर कलवावा लागतो. मुळात प्राँगची जाडीच जेमतेम एक मिलिमीटर असते.

कल दिला की खरी अडचण सुरू होते. प्राँग हिऱ्याला वरून चिमटीत धरतो असे लोक समजतात. प्रत्यक्षात हिऱ्याचा वरचा उतार आणि खालचा निमुळता भाग जिथे मिळतात त्या कडेसाठी, म्हणजे गर्डलसाठी, प्रत्येक प्राँगच्या आतल्या अंगाला एक खाच कोरलेली असते. कड त्या खाचेत बसते आणि खाचेच्या वर उरलेले सोने हिऱ्याच्या वरच्या उतारावर टेकते. ही खाच जुन्या हिऱ्याच्या मापाची, त्याच्या कोनाची आणि त्याच्या उंचीची असते. प्राँग बाहेर कलला की खाचेचे तोंड वर होते आणि नवी कड तिच्या एका टोकावर, सुईच्या अग्राएवढ्या जागेवर टेकते. शिवाय हिऱ्याचा खालचा भाग साधारण 41 अंशांच्या उताराचा असल्यामुळे मोठा हिरा जुन्या जागी टेकला की त्याची कड पूर्वीपेक्षा सुमारे 0.6 मिलिमीटर वर येते. जुन्या कडेच्या वर प्राँगचे जे मिलिमीटरभर सोने शिल्लक होते, त्यातले निम्म्याहून अधिक इथेच खर्ची पडते. उरते ते टोक हिऱ्यावर पुरते वळवताच येत नाही.

मग कारागीर काय करतो? घाईत असलेला कारागीर जुन्या खाचेच्या वर दुसरी खाच कोरतो. एकाच प्राँगला दोन खाचा पडल्या म्हणजे त्या जागी धातू किती उरला असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा; खाच प्राँगच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल जाऊ नये, आणि शक्य तर एक तृतीयांशावर थांबावे, हा आमच्या कामातला साधा नियम आहे.

मागच्या वर्षी एका शिक्षिकेची अंगठी माझ्या मेजावर आली, हिऱ्याशिवाय. लग्नातली अंगठी, 18 कॅरट, पांढऱ्या सोन्याचे घर, म्हणजे हिरा बसतो तो वरचा भाग, आणि चार प्राँग. दुसरीकडे तिच्यात 70 सेंटचा हिरा बसवून घेतला होता आणि चार महिन्यांत तो कुठे पडला ते त्यांना कळलेही नाही. भिंगाखाली पाहिले तेव्हा दोन प्राँगना वर सांगितल्या तशा दुहेरी खाचा होत्या, तिसऱ्याचे टोक कानशीने गोल करता करता कागदासारखे पातळ झाले होते, आणि चौथ्याच्या बुडाशी, पांढऱ्या सोन्यावर चढवतात त्या रोडियम धातूच्या चकाकत्या थराखाली, केसाएवढा तडा गेलेला होता. पांढरे सोने पिवळ्यापेक्षा ताठ असते. थंड असताना वाकवले, परत आणले, पुन्हा दाबले की ते तारेसारखेच आतून कडक होऊन तुटते. बाईंना बिलावर लिहून मिळाले होते, ‘प्राँग घट्ट केले’. ते खोटे नव्हते. काम घट्टच होते, फक्त तग धरण्यासारखे नव्हते.

बंद कोंदण असेल, म्हणजे हिऱ्याभोवती सोन्याची सलग पट्टी असेल, तर आतून घासून जागा मोठी करतात असेही या मजकुरात एके ठिकाणी सुचवले आहे. पट्टीची भिंत बहुधा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची असते आणि घासायचे असते 0.7 मिलिमीटर. उत्तर देण्यासारखे यात काही उरत नाही.

याचा अर्थ जुन्या अंगठीत मोठा हिरा बसतच नाही, असा कोणी काढू नये. व्यासातला फरक पाव मिलिमीटरच्या आत असेल, समजा 30 सेंटच्या जागी 35 सेंट, आणि प्राँग जाड व शाबूत असतील, तर त्याच घरात खाच नीट करून हिरा बसवता येतो. त्याच्या पुढे गेल्यावर मार्ग वेगळा आहे: बोटाभोवतीचे वळे तेच ठेवायचे, वरचे घर कापून काढायचे आणि नव्या हिऱ्याच्या मापाचे घर डाक (जोडासाठी वितळवतात तो धातू) देऊन बसवायचे. वळ्याच्या आत कोरलेले नाव आणि तारीख जशीच्या तशी राहते, सोनेही फारसे वाढत नाही. शिक्षिकेच्या अंगठीचेही शेवटी असेच केले, आणि या वेळी चारऐवजी सहा प्राँगचे घर घेतले. न्यू यॉर्कच्या टिफनी पेढीने 1886 साली सहा प्राँगची जी अंगठी बाजारात आणली ती आजही चालते. तिचा एक व्यावहारिक गुण असा की एखादा प्राँग गेला तरी उरलेले पाच हिरा धरून ठेवतात. चारातला एक गेला तर हिरा तिरपा होतो आणि बाहेर पडायला त्याला वाट मिळते. घर बदलताना हिऱ्याची उंचीही पाहावी लागते. मोठा हिरा खोलही असतो. त्याचे टोक बोटाला टोचू नये म्हणून घर उंच केले की तो दाराच्या कडीला, पिशवीच्या बंदाला जास्त अडकतो. ही तडजोड गिऱ्हाइकाला समोर बसवून, हात पाहून ठरवावी लागते आणि तिलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो.

‘22 कॅरट म्हणजे पकड पक्की.’ हे उलटे आहे. 22 कॅरटमध्ये साधारण 91.6 टक्के सोने असते आणि शुद्ध सोने मऊ असते. त्याचे पातळ प्राँग रोजच्या वापरात हळूहळू उघडतात. हिऱ्यासाठी 18 कॅरट, म्हणजे 75 टक्के सोने, वापरतात ते सोनार सोने वाचवतो म्हणून नव्हे. उरलेल्या तांबे-चांदीमुळे धातूला ताठपणा येतो म्हणून. आपल्याकडच्या पारंपरिक दागिन्यांत शुद्ध सोन्याचे कोंदण चालत आले आहे हे खरे, पण तिथे सोने खड्याच्या चहूबाजूंनी दाबून भरलेले असते आणि तो दागिना रोज भांडी घासत नाही. अंगठीचे वळे 22 कॅरटचे आणि घर 18 कॅरटचे असे करता येते. मात्र ते बिलावर स्पष्ट लिहून घ्यावे, नाहीतर पुढे मोडीच्या वेळी वाद होतो.

‘हिऱ्याला काही होत नाही.’ कठीण असणे आणि न फुटणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हिऱ्यावर सहसा ओरखडा पडत नाही, पण त्याच्या घडणीत चार ठरावीक दिशा अशा असतात की त्यांवर योग्य आघात झाला तर तो फाळल्यासारखा दुभंगतो. 3106 कॅरटचा कलिनन हिरा 1908 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये पात्याच्या आघाताने दोन तुकड्यांत फोडला गेला तो याच गुणामुळे. आमच्या मेजावर एवढे नाट्य नसते. एखाद्या हिऱ्याची गर्डल पातळ असते, प्राँग दाबण्याचे हत्यार तिच्यावर तिरपे येते आणि कडेचा कपचा उडतो. चौकोनी प्रिन्सेस किंवा थेंबासारख्या पेअर आकाराच्या टोकांना हा धोका सर्वाधिक, म्हणून त्या टोकांना इंग्रजी व्हीच्या आकाराचा प्राँग देतात. गोल घरात असे हिरे बसवण्याचा हट्ट कोणी धरू नये.

तापवण्याचे म्हणाल तर हिरा म्हणजे शेवटी कार्बन. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच हिरा जाळून दाखवला होता. मोकळ्या हवेत साधारण 700 ते 850 अंश सेल्सियसच्या घरात त्याच्या पृष्ठभागावर दुधाळ झाक येऊ लागते, आणि सोन्याचा डाक वितळतो तोही याच सुमारास. म्हणून हिरा जागेवर असताना प्राँगच्या टोकाला सोने चढवायचे असेल तर स्पिरिटमध्ये कालवलेल्या बोरिक पावडरीचा लेप देऊन त्याला झाकतात, आणि काम झाल्यावर पाण्यात न टाकता आपसूक निवू देतात. प्रयोगशाळेतला हिराही याला अपवाद नाही. तडा भरून काढलेला हिरा असेल तर भरलेला पदार्थ उष्णतेने खराब होतो. तसा खडा असल्यास गिऱ्हाइकाने तो लपवू नये. आमच्याकडे शक्यतो घराचे सगळे अग्निकाम आधी उरकतो आणि हिरा सर्वांत शेवटी, थंड घरात बसवतो.

‘हलला नाही म्हणजे झाले.’ बोटाला जाणवेल इतका हिरा हलू लागला तर उशीर झालेला असतो. उलट, पकड सुटलेला हिरा कित्येक दिवस हलतच नाही, कारण साबण, क्रीम आणि कणीक घराच्या आत साचून त्याला गोंदासारखी धरून ठेवतात; अंगठी यंत्रात स्वच्छ केली की तो खुळखुळू लागतो आणि दोष सफाई करणाऱ्यावर येतो. घरी करायची परीक्षा अशी: अंगठी कोमट पाण्यात साबणाने नरम ब्रशने धुवावी, कोरडी करावी, कानाशी धरून बोटाने हळूच टिचकी मारावी. हिरा सैल असेल तर बारीक टिकटिक ऐकू येते. मग रेशमी पदर किंवा लोकरीचा धागा प्रत्येक प्राँगवरून फिरवावा; धागा अडकला तर टोक हिऱ्यावरून उचललेले आहे. दुकानात दहापट भिंग मागून घ्यावे आणि बाजूने पाहावे: हिऱ्याची वरची सपाटी वळ्याला समांतर आहे का, कड प्रत्येक खाचेत टेकली आहे का, टोक आणि हिरा यांच्यामध्ये फट दिसते का. भिंग द्यायला कुरकुर करणाऱ्या दुकानात हिरा ठेवून येऊ नये, असे माझे वैयक्तिक मत आहे.

‘जुना खडा दिला की मजुरी फिटते.’ फिटते खरी, कोणाची ते पाहावे. जुना हिरा नैसर्गिक असेल आणि नवा प्रयोगशाळेतला असेल, तर जुन्या लहान खड्याची किंमत नव्या मोठ्याइतकी किंवा तिच्याहून जास्तही असू शकते. त्याची किंमत वेगळी, घराच्या सोन्याची वेगळी, मजुरी वेगळी, असा तीन ओळींचा हिशेब मागावा. काम टाकताना पावतीवर अंगठीचे वजन, दोन्ही हिऱ्यांचे मिलिमीटरमधले माप आणि नव्या हिऱ्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. तो क्रमांक बहुधा गर्डलवर लेसरने कोरलेला असतो. बसवण्याआधी भिंगातून वाचून घ्यावा आणि त्यावर प्राँग येऊ देऊ नये असे कारागिराला सांगावे, कारण एकदा सोने वर बसले की तो क्रमांक हिरा उपसल्याशिवाय वाचता येत नाही. शिक्षिकाबाईंनी दुसऱ्या खेपेला हे सगळे लिहून घेतले. त्यांचा जुना 30 सेंटचा हिरा सुदैवाने त्यांच्याकडेच पुडीत राहिला होता. नव्या सहा प्राँगच्या घरात त्यांनी तोच बसवून घेतला.