काकू, चाळीस हजारांचा पुटर घेऊ का?

पुटर म्हणजे गोल्फमध्ये चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायची काठी. परवा गोल्फ खेळून झाल्यावर तर्री-पोहे खाताना आमच्यातल्या सगळ्यात नव्या खेळाडूनं मला हे विचारलं. नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, दीड वर्षापासून खेळतोय, ड्रायव्हरचा, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका माझ्यापेक्षा कितीतरी पुढे जातो. पण त्या दिवशी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पाच होलना दोनाऐवजी तीन-तीन पुट लागले आणि पोरगं अगदी हिरमुसलं. मोबाइलवर पुटरचा फोटो तयारच होता. मी हो म्हटलं असतं तर पोहे संपायच्या आत ऑर्डर गेली असती. म्हटलं, थांब बाबा, नीट लिहून सांगते.

नको घेऊस. निदान आत्ता नको. आधी आहे तो पुटर तुझ्या मापाचा आहे का ते बघू.

हे मी अनुभवानं सांगतेय. यजमान हवाई दलात होते तेव्हा गोल्फ हातात आलं, नागपूरला स्थायिक झालो तरी सुटलं नाही. माझी उंची पाच फूट एक इंच आणि अकरा वर्षं मी ३५ इंची पुटरनं खेळले. दुकानदारानं सांगितलं होतं, "हीच स्टँडर्ड साइज आहे." मी विश्वास ठेवला. दांडा पोटाला लागायचा म्हणून मी चेंडूपासून लांब उभी राहायची, आणि मला सरळ दिसणारी रेष दर वेळी होलच्या उजवीकडून निघून जायची. दोष माझ्या हातांचाच, असं मी धरून चालले होते. त्या अकरा वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

एका सकाळी माझी बॅग उचलणारा कॅडी म्हणाला, "मॅडम, तुमचा पुटर तर जमिनीवर बसूनच नाही राहिला. टो पाहा, वर उचलून आहे." त्यानं खिशातून दहाचं नाणं काढलं आणि मी उभी असताना टोखाली, म्हणजे पुटरच्या डोक्याच्या पलीकडच्या टोकाखाली, सरकवलं. अलगद गेलं. त्यावर दुसरं ठेवलं, तेही गेलं. मग मला पुटर दोन इंच खाली धरायला लावला. टो टेकला, नजर बरोबर चेंडूवर आली आणि पहिल्यांदा रेष सरळ दिसली. त्याच आठवड्यात ग्रिप काढून दांडा ३३ इंचांवर कापून घेतला. कापल्यावर डोकं हलकं वाटायला लागतं, म्हणून तळाला शिशाच्या टेपची पट्टी लावली. नवीन ग्रिप धरून सगळा खर्च दोन हजारांच्या आत. पुटर तोच, जुना.

आता थोडं गणित. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून कड दोन इंचांहून जेमतेम जास्त. दहा फुटांवरून पुटरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, फक्त एक अंश तिरका लागला तर सपाट ग्रीनवरसुद्धा चेंडू साधारण दोन इंच बाजूला जातो. म्हणजे तिथून आपल्याला चुकायची मुभा जेमतेम एका अंशाची. ती एका अंशाची चूक मनगटात असेल, तर चाळीस हजारांचं डोकंही मनगटाबरोबरच वळणार.

पुटरच्या घडणीचा काहीच उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. कार्स्टन सोल्हाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. स्वतःच्या पुटिंगला कंटाळला आणि १९५९ मध्ये गॅरेजमध्ये पुटर बनवला. वजन मधून काढून डोक्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे हील आणि टोला, नेलं, त्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही तरी डोकं कमी वळतं. पुढे १९६६ मध्ये त्यानं 'पिंग अँसर' काढला आणि आजचे निम्मे ब्लेड, म्हणजे पातळ डोक्याचे पुटर, त्याचीच भावंडं वाटतात. मॅलेटमध्ये, म्हणजे मोठ्या रुंद डोक्याच्या पुटरमध्ये, हा फायदा अजून वाढतो, लांबचा पुट जरा कडेला लागला तरी फार आखूड पडत नाही. पण हा गुण साध्या, वापरलेल्या मॅलेटमध्येही मिळतो रे.

ग्रुपवर लगेच अमेरिकन गोल्फर स्कॉटी शेफलरचं नाव निघेल. खरं आहे, मार्च २०२४ मध्ये त्यानं मॅलेट हातात घेतला आणि त्याच आठवड्यात बे हिलची स्पर्धा जिंकला. पण तो तेव्हाही जगात पहिलाच होता आणि पुटिंगच्या कोचबरोबर आधीपासून घाम गाळत होता. त्याच्या खेळात उरलेली बारीकशी फट पुटरनं भरली असेल. आपल्याकडे फट नाही, अख्खं दार उघडं आहे.

ते दार म्हणजे अंतर. तुझे पाच थ्री-पुट आठव. रेष किती वेळा चुकली? माझ्या आठवणीत एकदा. बाकी चार वेळा तीस-पस्तीस फुटांवरून पहिला पुट सहा-सात फूट आखूड, आणि उरलेल्यावर तू स्वतःला शिव्या घातल्यास. अरे, पीजीए टूरवरचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले, खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पुट घालतात. टीव्हीवर आपल्याला गेलेले तेवढे दाखवतात. आपल्याकडे तर ग्रीनची चाल दर महिन्याला बदलते. पावसाळ्यानंतर हरळी दाट आणि जड, मेअखेरच्या नवतपात तीच कोरडी आणि पळती. सकाळी सहाला दव, नऊला काही नाही. गवत चमकत असेल तर ते पुढे झुकलंय, चेंडू पळणार. काळपट दिसलं तर अंगावर येतंय, जोर हवा. हे कुठल्याच पुटरच्या डब्यात मिळत नाही.

आणि आमच्या वयाच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे, नवीन मुलांना उठसूट "पुटर बदल" म्हणू नका. ती पगारातून पैसे काढतात, वस्तू आणतात, तरी पुट जात नाहीत, मग त्यांना वाटतं खेळच आपला नाही. दोघं तर माझ्या डोळ्यांदेखत खेळ सोडून गेले.

तर शनिवारी सव्वासहाला प्रॅक्टिस ग्रीनवर ये, जुना पुटर घेऊन. मापाची टेप आणि शिशाची पट्टी मी आणते. दहाची दोन नाणी तेवढी तुझ्या खिशात ठेव.