कोट्याला जाऊन कोटा घालवायचा?

जून उजाडला की आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. गेल्या खेपेला तो तिघांनी टाकला, त्यातल्या एकानं दोनदा. वर 'डॉक्टर बनवायचंय? पालकांनो, ही कडू सत्यं वाचा', खाली मुद्दे, शेवटी जोडलेले हात. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आठवीतच फाउंडेशनचा (पूर्वतयारीचा) क्लास लावला नाही तर उशीर झाला. मुंबई-ठाण्यात राहून 'नीट' (मेडिकलची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) निघत नाही, राजस्थानातल्या कोट्याला, क्लासेसच्या शहरात पाठवा. स्टेट बोर्ड आणि मराठी माध्यमवाल्यांनी स्वप्नं बघू नयेत. रोज सोळा तास अभ्यास हवा. नीटमध्ये 720 पैकी 650 च्या खाली सरकारी सीट विसरा. ड्रॉप (वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणं) म्हणजे आयुष्यातलं एक वर्ष पाण्यात. आणि सरकारी नाही मिळालं तर कोटीभर रुपये तयार ठेवा.

माझी मुलगी 2024 मध्ये बारावी झाली, दोनदा नीट दिली, आणि मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात एमबीबीएसला लागली. स्टेट बोर्ड, सेमी-इंग्रजी, ट्रान्स-हार्बर लोकलनं ऐरोली ते ठाणे क्लास. मेसेजच्या हिशेबानं जे जे करू नये ते सगळं केलेली. पण 'बघा, आमच्या पोरीनं करून दाखवलं' हे सांगायला मी बसलेली नाही, एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. मेसेजमध्ये जे नियम म्हणून सांगितलंय ते नियमच नाहीत आणि खऱ्या नियमांचा त्यात पत्ता नाही, म्हणून लिहितेय.

कोट्यापासून सुरुवात करते, कारण तिथे घाव सगळ्यात मोठा बसतो.

सरकारी मेडिकल कॉलेजातल्या 15 टक्के सीट अखिल भारतीय कोट्यात जातात, 85 टक्के राज्याकडे राहतात. या 85 मध्ये बसायला महाराष्ट्राचा अधिवास दाखला (डोमिसाइल) लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं: दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातल्याच संस्थेतून झालेली लागते. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांच्या मुलांना वगैरे वेगळी सवलत आहे, पण तुमच्याआमच्यासारख्यांना नाही. तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या ठाण्याचे असा, मुलाचा जन्म कळव्याचा असो, बारावीचं मार्कशीट राजस्थानातल्या शाळेचं असेल तर तुमचं पोर इथल्या 85 टक्क्यांतून बाहेर.

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं हेच झालं. अकरावीला मुलाला तिकडे पाठवलं, क्लासवाल्यांनीच 'शाळेचं आम्ही बघतो' म्हणून तिथल्या एका शाळेत नाव घातलं. मार्क माझ्या मुलीइतकेच, दोन-चार जास्तच. कॅपचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म भरायला दोघं बाप-लेक कॉम्प्युटरसमोर बसले आणि बारावी कुठून, या रकान्यावर येऊन थांबले. मग त्यांनी मला फोन केला. मी काय सांगणार? त्या क्लासमध्ये दोन वर्षांत कुणी एका शब्दानं हे बोललं नव्हतं. कोट्याला जाऊन कोटा घालवला, असं ते आता स्वतःच म्हणतात, आणि हसत नाहीत.

नाव इथल्या कॉलेजात ठेवायचं आणि मुलाला तिकडे बसवायचं, ही पळवाट लोक काढतात. पण मग हजेरी? विज्ञान शाखेच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी घ्या, असा आदेश राज्य सरकारनं 2018 मध्ये काढला तो कॉलेज आणि क्लासवाल्यांच्या या टाय-अपच्या धंद्यावरच. तो किती पाळला जातो हे ठाण्यातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, सकाळी अकराला मुलं कॉलेजात असतात की क्लासमध्ये. तरी दोन वर्षांचा डाव पळवाटेवर लावायचा का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. क्लाससाठी घराबाहेर पाठवायचंच असेल तर लातूर आहे, निदान राज्य तरी बदलत नाही. आणि सोळा वर्षांच्या मुलाला एकट्यानं त्या शहरात टाकण्याआधी हेही ध्यानात असू द्या की 2023 या एका वर्षात तिथे वीसहून अधिक मुलं आत्महत्येनं गेली आणि प्रशासनाला होस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंगा बसवायचा हुकूम काढावा लागला. मेसेजमध्ये हे नाही.

त्यातच एक ओळ आहे की ठाण्या-मुंबईच्या मुलांना मराठवाडा-विदर्भात सीट मिळत नाहीत. ही 70:30 ची जुनी गोष्ट, 70 टक्के सीट त्या त्या विभागातल्या मुलांना, 30 टक्के बाहेरच्यांना. तो प्रादेशिक कोटा सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाला. तो असता तर आमची पोर आज जिथे आहे तिथे पोचणं अवघडच होतं.

आता स्टेट बोर्ड. इथे मेसेज पूर्ण खोटा नाही, अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्यानंच माणूस जास्त फसतो.

2022 ची दिवाळी. साफसफाईत चपलांचं स्टँड हलवलं तर मागे घडी घालून कोंबलेला कागद. क्लासच्या टेस्टचा निकाल: फिजिक्समध्ये 180 पैकी 11. बरोबरला चार, चुकीला वजा एक, त्यामुळे 11 हा आकडासुद्धा कष्टानंच येतो म्हणा. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हणाली, "आई, मला काहीच येत नाहीये. सगळ्यांना रोटेशन येतं." मी घाबरले. हा मेसेज तेव्हाही फिरत होताच आणि मी तो मनातल्या मनात खरा धरला. बोर्ड बदलता येईल का, याची चौकशीसुद्धा केली.

सुट्टी संपल्यावर तिच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडमना तो पेपर दाखवला. त्यांनी पेन्सिल घेतली, पेपरवर खुणा करत गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही एकोणीस गणितं आमच्या बारावीच्या पुस्तकातली आहेत." खरंच होतं. नीट ज्यावर बेतलेली असते त्या एनसीईआरटीच्या (सीबीएसईच्या) पुस्तकांत रोटेशन, द्रवांचे गुणधर्म, थर्मोडायनॅमिक्स, दोलनं हे सगळं अकरावीला आहे. आपल्या स्टेट बोर्डाच्या बालभारतीत ते बारावीला, रोटेशन तर बारावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा. उलट इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि सेमीकंडक्टर आपल्याकडे अकरावीत येतात, तिकडे बारावीत. क्लास एनसीईआरटीच्या क्रमानं चालला होता, कॉलेज बालभारतीच्या. पोरगी मागे पडली नव्हती. तिला न शिकवलेलं विचारलं होतं.

दोन पुस्तकांत खरा फरकही आहे आणि तो झाकू नये. बायोलॉजीचे प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यावाक्यावरून येतात, आणि 180 पैकी 90 प्रश्न बायोलॉजीचे. त्यामुळे स्टेट बोर्डाच्या मुलाला ती दोन पुस्तकं वेगळी वाचावीच लागतात, चित्रांखालच्या ओळींसकट. काही गोष्टी उलट्याही: अन्नपचनाचा धडा बालभारतीच्या अकरावीत आहे, पण 2024 पासून अभ्यासक्रमाला कात्री लागली त्यात नीटमधून तो गेला. आमच्या मॅडमनी एका वहीच्या पानावर दोन रकाने आखून धडे समोरासमोर लिहून दिले. ते पान दोन वर्षं फ्रिजच्या दारावर होतं, हळदीच्या डागासकट. बोर्ड बदलण्यापेक्षा ते पान स्वस्त पडलं. आणि बारावीच्या मार्कांचं म्हणाल तर खुल्या गटाला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून) 50 टक्के आणि आरक्षित गटांना 40 टक्के एवढीच अट आहे. रँक ठरते ती फक्त नीटवर.

मराठी माध्यमाबद्दल थोडक्यात. नीट 13 भाषांत होते, त्यात मराठी आहे. मराठी निवडली की प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत मिळते, मात्र केंद्र महाराष्ट्रातलंच घ्यावं लागतं आणि भाषांतरात घोळ निघाला तर इंग्रजी मजकूर प्रमाण. मराठीतून तयारीचं साहित्य कमी आहे, वाट चढणीची आहे, हे खरं. पण 'स्वप्नं बघू नयेत' हे सांगणारा तू कोण?

650 चा मुद्दा वाचून मात्र मला हसूच येतं. हा आकडा 2024 चा आहे. त्या वर्षी मार्कांचा पूर आला होता. 4 जूनला, लोकसभेच्या निकालादिवशीच, नीटचा निकाल लागला आणि आधी 67 जणांना 720 पैकी 720. माझ्या मुलीला 561 होते आणि रँक लाखाच्या पार पलीकडे. 4 मे 2025 च्या पेपरात फिजिक्सनं भल्याभल्यांना रडवलं. देशात पहिला आला त्याला 686, आणि 650 च्या वर सबंध देशात 73 जण. 601 ते 650 मध्ये 1,259. आता सांगा, 650 च्या खाली सरकारी नाही म्हटलं तर देशभरच्या सगळ्या सरकारी कॉलेजांत मिळून 73 मुलं बसवायची का? आमच्या मुलीला त्या वेळी 521 मिळाले. पहिल्या खेपेपेक्षा चाळीस कमी. पेपर देऊन गेटबाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मी पाण्याची बाटली उघडून हातात दिली आणि काही विचारलं नाही. घरी येऊन तिनं उत्तरं ताडली आणि झोपून गेली. निकालात रँक तीस हजारांच्या आसपास. मार्क घसरले आणि सीट मिळाली. कुणी मार्कांवरून भविष्य सांगायला लागलं की आधी विचारा, कुठल्या वर्षाचे मार्क?

आणि 'पास' या शब्दाचाही एकदा निकाल लावू. 2025 मध्ये खुल्या गटाचा पात्रता कटऑफ 144 होता. 150 मिळाले म्हणजे 'नीट निघाली' म्हणून पेढे वाटणारे आमच्याच विंगमध्ये आहेत. पात्र होणं वेगळं, सीट मिळणं वेगळं.

आठवीच्या फाउंडेशनचं टेबल दर रविवारी आमच्या गेटवर लागतं, फुगे आणि 'स्कॉलरशिप टेस्ट'सकट. टेस्ट दिली की स्कॉलरशिप प्रत्येकालाच मिळते. केंद्र सरकारनं जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात साफ म्हटलंय की सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावी झाल्यावरच घ्यावं. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त क्लास नको. मुलानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. अंमल राज्यांनी करायचा आहे, त्यामुळे टेबल लागतंच. पण त्या टेबलावर कुणी 'आठवीत नाही तर कधीच नाही' म्हणालं तर हा कागद दाखवायला हरकत नाही. मी दाखवला. पोरगा म्हणाला, "मॅडम, मी फक्त फॉर्म भरून घेतो."

सोळा तासांबद्दल काय लिहायचं! झोप सात तास, जेवणखाण-अंघोळ, ठाण्याला येणंजाणं, कॉलेज. ज्यानं सोळा लिहिलंय त्यानं दिवस चोवीसचा धरलेला नाही.

ड्रॉपच्या मुद्द्यावर मी सावध आहे. किती वेळा परीक्षा द्यायची याला मर्यादा नाही, वयाची वरची अट 2022 मध्ये गेली, म्हणजे नियमाची आडकाठी नाही. पण तिच्याबरोबर ड्रॉप घेतलेल्या दोघींची रँक सुधारली नाही. एक बीएएमएसला गेली, दुसरी फिजिओथेरपीला. आपल्याकडे या दोन्ही प्रवेशांना नीटच लागते. फिजिओवाली मजेत आहे, रात्री बारालाही रील पाठवते. ते वर्ष पाण्यात गेलं असं त्यांच्या घरी कुणी म्हणत नाही. ड्रॉप घ्यायचा की नाही, हे घरातल्या सोयींवर आणि खिशावर ठरत नाही. पहिल्या वर्षी कशामुळे अडलं हे सांगता येतंय का, यावर ठरावं असं माझं मत. आमचं अडलं होतं केमिस्ट्रीत. कुठे अडलं हेच माहीत नसेल तर दुसरं वर्षही तिथेच अडतं.

पैशांचा मुद्दाही अर्धवट. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या वर जातं, खरं आहे, आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांना ती कॉलेजं डोळ्यांसमोर दिसत असल्यानं तोच दर वाटतो. पण ठाण्यात महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय कळव्याला आहे. 2024 मध्ये राज्यात दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यातलं एक आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथला. शिवाय जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींची कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं त्यात येत नाहीत. मुलगी असेल तर हे आधी बघा, कोटीचा आकडा नंतर. सरकारी कॉलेजात शिकून झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड आहे, तो मात्र घरी आधीच सांगून ठेवा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, नियमाच्या पानांच्या फोटोंसकट. सात अंगठे आले आणि अर्ध्या तासात कुणीतरी मूळ मेसेज पुन्हा फॉरवर्ड केला. रात्री साडेनऊला बेल वाजली. बी विंगमधल्या काकू, हातात प्लास्टिकची फाइल, मागे दहावी झालेला नातू. "तुझं ते वाचलं गं. डोमिसाइलला शाळा सोडल्याचा दाखला ओरिजिनल लागतो की झेरॉक्स चालते?" मी फाइल उघडली. दाखल्यावर आडनावात एक काना जास्त होता. आधार कार्डावर नव्हता. म्हटलं, काकू, उद्या सकाळी आधी शाळेत जा, मग ठाण्याला सेतूत.