‘मालकांच्या पंगतीत’ कोण बसलंय? : रविवारच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महोदय,

‘रविवार सगळ्यांचा एकच हवा’ या माझ्या लेखाखालची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठी दुकानं आणि मॉल रविवारी बंद असावेत, ते जमत नसेल तर निदान कामगाराला रविवार मागण्याचा हक्क कायद्याने मिळावा, असं मी लिहिलं होतं. तुम्हाला ही चर्चची लुडबुड वाटते. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवली, पाद्र्यांनी नव्हे, याची तुम्ही आठवण करून देता. घरातल्या बाईला कुठला आलाय रविवार, असं विचारता. पोलंडच्या कायद्याची खिल्ली उडवता, मध्येच गर्भपातावर घसरता. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य आहे: “सनातनी ख्रिस्ती राजकारण जगात कुठेही बघा, ते शेवटी मालकांच्या पंगतीत जेवतं, मॅडम, तुम्ही नुसत्या वाढपी आहात.”

मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. इथे माझ्याशी कडाडून भांडणारे वाचक आहेत आणि त्यांच्यातल्या काहींशी माझा घरोबा झाला आहे. पण ते स्वतःच्या नावाने भांडतात. तुम्ही नाव झाकून लिहिता आणि टोचायचं असेल तिथे बरोबर ‘मॅडम’ पेरता. एखाद्या पुरुषाने हाच लेख लिहिला असता, तर त्याला तुम्ही वाढपी म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. अभ्यासू माणसाला असा सूर लावावा लागत नाही, आणि तुम्ही अभ्यास केलेला आहे हे प्रतिक्रियेतून दिसतं, म्हणून तर जास्त लागलं.

पोलंडबद्दल तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. १ मार्च २०१८ पासून तिथे रविवारच्या व्यापारावर बंदी आली, आणि पोस्टाच्या कामाला असलेल्या सवलतीचा फायदा घेत काही दुकानांनी स्वतःला टपाल केंद्र ठरवून शटर उघडंच ठेवलं. ही पळवाट बुजवायला २०२२ उजाडलं. मान्य. पण या कायद्याची मागणी कुणाची होती तेही लिहायचं होतंत. सॉलिडॅरिटीची, म्हणजे कामगार संघटनेची. मालकांची नव्हे.

आता त्या पंगतीकडे येते.

ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं सरकार बाजाराला मोकळं रान देणारं होतं, यावर आपलं दुमत नसावं. त्या सरकारने इंग्लंड-वेल्समधल्या दुकानांवरची रविवारची बंधनं उठवणारं विधेयक आणलं. पाठीशी भक्कम बहुमत होतं. तरी १४ एप्रिल १९८६ रोजी दुसऱ्या वाचनालाच ते २९६ विरुद्ध २८२ मतांनी पडलं. थॅचर यांच्या कारकिर्दीत सरकारी विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, असं पडलं ते हे एकच. पाडलं कुणी? विरोधी मजूर पक्ष होताच, पण हुजूर पक्षाच्याच ७२ खासदारांनी आपल्या पंतप्रधानांच्या विरोधात मत दिलं. बाहेर ‘कीप संडे स्पेशल’ ही मोहीम चालू होती. मायकेल श्लुटर या ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाने ती उभी केली आणि तीत चर्चची मंडळी दुकान-कामगारांच्या युनियनच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तुमच्या व्याख्येतले सनातनी ख्रिस्ती ते हेच. त्या रात्री ते कुणाच्या पंगतीत बसले होते, सांगा.

पुढे १९९४ मध्ये कायदा सैल झाला, तरी मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास मिळाले. ते वाढवायला कॅमेरॉन सरकार २०१६ मध्ये पुन्हा सरसावलं आणि ३१७ विरुद्ध २८६ मतांनी हरलं. तेव्हाही बंडाचं पुढारपण हुजूर पक्षातल्याच एका ख्रिस्ती खासदाराकडे, डेव्हिड बरोज यांच्याकडे होतं.

तुम्ही ‘जगात कुठेही’ लिहिलंत, म्हणून जर्मनीचंही बघा. बर्लिनने नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली. त्याविरुद्ध प्रोटेस्टंट आणि कॅथोलिक चर्च घटना न्यायालयात गेली आणि १ डिसेंबर २००९ रोजी जिंकली. वायमार काळापासून, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकापासून, रविवारला घटनेचं संरक्षण आहे, त्याच्या आधारावर. आणि अमेरिका, जिच्या नावाने तुम्ही एवढी बोटं मोडलीत? पेनसिल्व्हेनियात गेराल्ड ग्रॉफ नावाचा टपाल वाटणारा एक इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट, माणूस होता. टपाल खात्याने रविवारी अमेझॉनची पार्सलं पोचवायला सुरुवात केली. हा जायला तयार नव्हता. कारवाया झाल्या, शेवटी २०१९ मध्ये त्याने नोकरी सोडली. त्याचा खटला लढवला तो ख्रिस्ती उजव्यांच्याच संस्थेने. २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की किरकोळ तोशीस पडते एवढ्यावर मालकाला कामगाराची धार्मिक सवलत नाकारता येणार नाही, भरीव भार पडतो हे दाखवावं लागेल. एका बाजूला पोस्टमन होता आणि दुसऱ्या बाजूला अख्खं सरकारी खातं.

मालकांशी सलगी करणारे ख्रिस्ती नेते झालेच नाहीत, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण तुम्ही ‘काही’ लिहिलं नाहीत, ‘जगात कुठेही’ लिहिलंत.

आणि हे काही अलीकडचं खूळ नाही. पोप तेरावे लिओ यांचं १५ मे १८९१ चं परिपत्र काढा. समाजवादाला त्यात ठाम विरोध आहे आणि खासगी मालमत्तेचा कैवार आहे, म्हणून तुमच्यासारखे वाचक तिथेच थांबतात. त्याच परिपत्रात मालकाला बजावलंय की कामगाराचं पोट भरेल एवढी मजुरी द्यावीच लागेल, मग त्याने नाइलाजाने कमी पैशांवर सही केलेली का असेना. आणि मालक-मजुरांच्या प्रत्येक करारात विश्रांतीची अट, लिहिलेली असो वा नसो, धरलेलीच आहे. त्याहीआधी मोशेच्या आज्ञेत विसावा कुणाकुणाला सांगितलाय ते बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात वाचा. दास, दासी, बैल, गाढव, परका, सगळे आहेत. मालकाने एकट्याने विसावा घेतला तर ती आज्ञा पाळलीच जात नाही.

तुम्ही लिहिलंत की मी ‘वातानुकूलित श्रद्धेतून’ लिहिते. मी वातानुकूलित जागेत होते हे खरं. कॉलेज संपल्यावर मी मॉलमधल्या एका कपड्यांच्या दुकानात काउंटरला उभी असायचे. उभी म्हणजे अक्षरशः उभी, बसायला स्टूल नव्हतं. शुक्रवारी रात्री रोस्टर यायचं. शनिवार-रविवारी कुणालाच रजा नाही, टार्गेट त्याच दोन दिवसांवर. रविवारी रात्री ट्रायल रूमबाहेर कुर्त्यांचा ढीग पडलेला असायचा, तो घड्या घालून साइझप्रमाणे लावायचा आणि मग धावत विरार लोकल. माझा वीक ऑफ मंगळवारी. मंगळवारी आई शाळेत, बाबा कामावर, भाऊ कॉलेजात. मी रिकाम्या घरात झोपून राहायचे. कायद्याने सुट्टी मिळत होती, तक्रार करायला जागाच नव्हती! भाच्याच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला अख्खं वसईतलं गोत जमलं होतं, मी तेवढी नव्हते, कारण फ्लोअर मॅनेजर म्हणाला, सेल चालू आहे. माझ्याबरोबर नालासोपाऱ्याची एक हिंदू मुलगी होती. तिच्या नवऱ्याला रविवारी सुट्टी, हिला गुरुवारी. एकत्र जेवायचं तर रात्री साडेअकराला. तिला चर्चशी काही देणंघेणं नव्हतं, पण रविवार तिलाही हवाच होता.

२०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा दिली. कामगाराला आठवड्याची सुट्टी त्यात आहे, पण ती कुठल्या वारी, ते मालकाच्या रोस्टरवर. माझा लेख याबद्दल होता. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत या कायद्याचा साधा उल्लेखही नाही.

लोखंड्यांबद्दल तर तुम्ही माझंच काम केलंत. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस गिरणी कामगारांसाठी लढला आणि १० जून १८९० ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी लागली. रविवार का, तर तो खंडोबाचा वार. म्हणजे कामगाराला देवासाठी, घरासाठी आणि समाजाच्या कामासाठी सगळ्यांना मिळून एकच दिवस हवा, हे त्यांनाही ठाऊक होतं. ‘सातातला कुठलाही एक घ्या’ म्हणून ते गप्प बसले नाहीत. रोमचं परिपत्र त्यानंतर वर्षभराने आलं. खंडोबाचा भक्त आणि पोप एकाच दिवसासाठी भांडत असतील तर मला त्यात अडचण वाटत नाही, आनंदच वाटतो. तुम्हाला ती अडचण का वाटावी, ते कळलं नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलण्यासारखं नाही. नर्सेस आणि बस ड्रायव्हरचं काय, असं विचारलंत. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी बैल विहिरीत पडला तर तो काढायचाच, हे येशूनेच सांगून ठेवलंय. साडीवरची सूट म्हणजे विहिरीतला बैल नव्हे. घरच्या बाईबद्दल म्हणाल तर दुकान बंद असेल तेव्हा नवरा आणि मुलगा घरी असतात, कामाला चार हात जास्त मिळतात. ते हलवून घेणं ज्याच्या त्याच्या घरातलं काम. गर्भपाताविषयी माझं मत चर्चचं आहे तेच आहे, ते मी कधी लपवलेलं नाही, पण या लेखात त्यातला एक शब्दही नव्हता. तो विषय तुम्ही ओढून आणलात, त्यामुळे त्यावर इथे उत्तर देणार नाही.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी अजून प्रसिद्ध केलेली नाही. तीत माझ्या आईविषयी एक वाक्य आहे. ते काढून आणि खाली स्वतःचं नाव घालून पाठवा, एक शब्दही न बदलता त्याच दिवशी टाकेन.