कोवळ्या वयाचा मुद्दा

पुण्यात माझ्या बहिणीच्या मुलाला वाढदिवसाला कुणीतरी महाडच्या चवदार तळ्यावरचे चित्रांचे पुस्तक दिले आणि आमच्या नातेवाइकांत वाद सुरू झाला: इतक्या कोवळ्या वयात मुलांच्या डोक्यात जात कशाला भरायची? हा प्रश्न न्यू जर्सीत बसूनही मला स्वस्थ बसू देत नाही.

इथे माझी मुलगी पहिलीत असल्यापासून दर फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, लायब्ररीतून रूबी ब्रिजेसची गोष्ट आणते. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी फेडरल मार्शलांच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांच्या, पहाऱ्यात न्यू ऑर्लिन्सच्या, तोवर फक्त गोऱ्या मुलांसाठी असलेल्या विल्यम फ्रान्ट्झ शाळेत गेली; गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून घेतली आणि बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीलाच शिकवले. नॉर्मन रॉकवेलच्या प्रसिद्ध चित्रात मार्शलांची डोकी चौकटीबाहेर राहतात, भिंतीवर फेकलेला टोमॅटो फुटलेला असतो आणि पांढऱ्या फ्रॉकमधली रूबी तेवढी पूर्ण दिसते. ते चित्र लहान मुलाला समजावून द्यावे लागत नाही. इथेही काही राज्यांत पालक अशा पुस्तकांविरुद्ध तक्रारी करतात, पण आमच्या गावात ती शेल्फवर समोरच असतात.

कोवळ्या वयाची काळजी करणाऱ्यांनी १९०१ सालचा मसूर स्टेशनवरचा नऊ-दहा वर्षांचा भीमराव आठवावा. त्याची जात कळताच गाडीवाले त्याला व त्याच्यासोबतच्या मुलांना गोरेगावला न्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण राजी झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. वाटेत रात्रभर त्या मुलांना पिण्याजोगे पाणी मिळाले नाही. जे त्या वयात सोसावे लागले, ते त्या वयात ऐकायला आपली मुले नाजूक कशी ठरतात?

खरी अडचण मला इथे येऊन उमगली. मुलगी स्वतःला रूबीच्या जागी ठेवते आणि मी तिला ठेवू देते, कारण इथे आमचा रंग आम्हाला त्या बाजूला उभे करतो आणि आमच्यासारख्यांना दार उघडणारा १९६५ चा इमिग्रेशन कायदाही नागरी हक्कांच्या लढ्याच्याच काळातला आहे. मसूरच्या गोष्टीत मात्र आमचे घराणे गाडीवाल्याच्या बाजूचे आहे. आजोळी कामाच्या बाईंची कपबशी परसात वेगळी ठेवलेली असे, हे मुलीला मीच सांगणार आहे. बहिणीनेही ते आपल्या मुलाला सांगावे असा माझा आग्रह आहे. त्यासाठी घरच्यांनी मला परकी ठरवले, तरी तो मी सोडणार नाही.