केळीच्या सालीचं पाणी म्हणजे खत नव्हे

‘केळीची साल तीन दिवस भिजवा, त्यात अंड्याच्या टरफलांची पूड आणि चहाचा चोथा टाका, ते पाणी दर आठवड्याला कुंडीत ओता, खत विकत आणावंच लागणार नाही.’ नागपुरातल्या बागप्रेमींच्या ग्रुपांवर हा मजकूर सारखा फिरतोय. घरचं काही वाया जाऊ नये ही त्यामागची तळमळ मलाही पटते. कृती मात्र पटत नाही.

टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच. कोकणातल्या आम्ल मातीत चुना घालण्याला अर्थ आहे. आपली काळी माती मुळात विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, बऱ्याच ठिकाणी खोदलं की चुनखडीचे पांढरे खडे निघतात. अशा मातीत टरफल विरघळतच नाही म्हणा. आणि इथली खरी अडचण उलटी आहे: चुना जास्त असला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना हे ठाऊक आहे. कुंडीतल्या लिंबाचंही तेच होतं. तिथे चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी हवी. टरफलं टाकत बसलं तर झाड तसंच पिवळं राहतं. टोमॅटोचं बूड काळं पडलं तरी लोक टरफलंच टाकतात; बहुतेक वेळा कारण असतं पाण्याची अनियमितता. उन्हात कुंडी एका दिवसात कोरडी पडते, मग मातीत असलेलं कॅल्शियमही फळापर्यंत पोचत नाही.

केळीच्या सालीत पालाश (पोटॅशियम) भरपूर, हे खरं. त्यातलं काही पाण्यात उतरतं. पण नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) नावापुरतेच, आणि पालवी फुटायला नत्र लागतं. शिवाय ते पाणी आंबतं नि चिलटं गोळा होतात.

चहाच्या चोथ्यात नत्र आहे, पण चोथा कुजल्याशिवाय ते मोकळं होत नाही. आपल्या चहात दूध-साखर असते. न धुता टाकला तर मुंग्या आणि बुरशी ठरलेली.

केळीची साल आणि चहाचा चोथा वाळक्या पानांसोबत भोकं पाडलेल्या बादलीत कुजवा. मे महिन्यात इथे ढीग वाळून जातो आणि कुजणं थांबतं, म्हणून बादली सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, अधूनमधून खालीवर करा. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. त्यात शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून पावसाळ्याच्या तोंडावर कुंडीत घाला.