थोरल्याच्या मागनं तालमीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'धाकट्याची वही' या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि जरा तिखट लिहिलंत, त्याबद्दल आभार. कुस्ती शिकणाऱ्या धाकट्याची वाढ थोरल्याच्या त्याच वयाशी ताडून बघायला वही ठेवा आणि 2031 पर्यंतचं, म्हणजे 15 वर्षांखालच्या गटातल्या त्याच्या शेवटच्या वर्षापर्यंतचं, बघून ठेवा, असं त्यात सुचवलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या पोरं थोरल्या भावाच्या मागनं तालमीत शिरली आणि बघून बघूनच पैलवान झाली, तिथं वह्या आणि तक्ते कशाला? दहा वर्षांच्या पोराला 2031 सालचं सांगायचं म्हणजे त्याचा खेळ काढून घ्यायचा. आणि शेवटी, ऑलिंपिकवीर खाशाबा जाधवांचं नाव घेऊन, 'खाशाबा काय वही बघून पैलवान झाले का?' जाता जाता थोरल्याचे बूट धाकट्याला चालतील का, हेही विचारलंय.

बघून शिकणं हाच तालमीचा रस्ता आहे, यात वादच नाही. एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) कागदावरनं कुणाला आलेला नाही. प्रश्न इतकाच की धाकटा बघतो कुणाला? त्याला दिसतो आजचा दादा: 65 किलोचा, पहाटे उठून पाचशे बैठका मारणारा, खांद्याला तेल चोपडून हौदात (तालमीतल्या मातीच्या आखाड्यात) उतरणारा. लेखात थोरला 2010 चा आणि धाकटा 2016 चा धरला होता. दादा दहा वर्षांचा होता तेव्हा धाकटा चार वर्षांचा. म्हणजे ज्याची नक्कल त्यानं आज करायला हवी, तो दादा त्यानं बघितलेलाच नाही. वही त्यासाठी आहे. तिच्या डाव्या पानावर दादाचं दहावं, अकरावं, बारावं वर्ष आणि उजव्या पानावर धाकट्याचं तेच वर्ष.

डावं पान दादाच्या आठवणीवर भरू नका. 'दहाव्या वर्षी मी तीनशे जोर काढायचो' असं प्रत्येक थोरला सांगतो आणि त्यातले निम्मे वजा केले तरी उरलेलं खरं नसतं. शाळेच्या स्पर्धांची जुनी प्रमाणपत्रं काढा, त्यांवर साल आणि वजनगट असतो. शाळेचं आरोग्य कार्ड, दाराच्या चौकटीवरच्या उंचीच्या खुणा आणि वस्तादांना आठवत असेल तेवढं पुरतं. या वयाच्या दादांची एक गंमत अशी की 2020 साल टाळेबंदीत गेलं, तालमी बंद होत्या. त्यामुळं डावं पान बहुतेक अकराव्या वर्षापासूनच भरतं. दादा अकराव्या वर्षी सुरू करून इथवर आला हे कळलं, की धाकट्याची निम्मी घाई तिथंच उतरते.

आता मेहनतीचं. दहा वर्षांच्या, साधारण 30 किलोच्या पोराला आठवड्यातून तीन-चार दिवस, पाऊण ते एक तास पुष्कळ झाला. त्यातली पहिली पंधरा मिनिटं कोलांट्या, बेडूकउड्या, पाठीवर पडायला शिकणं. मग 8 जोरांच्या तीन फेऱ्या, 15 बैठकांच्या तीन फेऱ्या आणि दोराला 10-15 सेकंद नुसतं लोंबकळणं. उरलेला वेळ पवित्रा (लढताना उभं राहायची ठेवण) आणि एकच डाव. लढत शेवटी, मिनिटभराच्या तीन, तीही वजनात फार तर तीन किलोचा फरक असलेल्या पोराबरोबर. दर पंधरवड्याला फेरीमागं एखादा जोर आणि दोन बैठका वाढवल्या तरी वर्षभरात आकडा बघण्यासारखा होतो.

बिघडतं ते आकड्याच्या मागं लागल्यावर. दादाच्या शेजारी उभं राहून धाकटा पन्नास जोर काढायला जातो. बाराव्या जोराला कंबर लोंबायला लागते, कोपरं बाहेर पळतात, आणि पुढचे सगळे जोर खांद्याच्या सांध्यावर आणि कमरेच्या मणक्यावर पडतात. बैठकीत गुडघे आत वळले आणि खाली बसताना अंग धपकन सुटलं की थांबवायचं, मग आकडा नऊ असो नाहीतर चौदा. वाढत्या पोराच्या हाडांच्या टोकांशी कुर्चेचा थर असतो. हाड तिथनं वाढतं आणि तीच जागा सगळ्यांत कच्ची असते. साधारण 11 ते 15 या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा आला, तर ती 'मेहनतीची गाठ' नव्हे. मांडीच्या स्नायूची शीर तिथं हाडाला ओढते, म्हणून ते दुखतं. बैठका आणि उड्या कमी करायच्या, जोर आणि डावांचा सराव चालू ठेवायचा, आणि तिथं रगडून मालिश अजिबात करायची नाही. दुखणं हटत नसेल, रात्रीही दुखत असेल किंवा पोरगं लंगडत असेल, तर हाडाच्या डॉक्टरांकडं न्यायचं. डोकं टेकवून मानेवर अंग तोलायचा व्यायाम दादा करतो म्हणून धाकट्यानं करायचा नाही. त्यानं कपाळाला स्वतःचा तळवा लावून दहा सेकंद रेटा द्यायचा, मग बाजूनं, मग मागनं. तेवढंच.

उंची दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, अनवाणी मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर उडी दिसली की पोरगं वाढीच्या वेगात आलं असं समजा. मुलांत हा वेग बहुधा तेरा-चौदाच्या आसपास येतो, मुलींत दोनेक वर्षं आधी. त्या काळात हातपाय आधी लांबतात आणि तोल बिघडतो, कालपर्यंत बसणारा पट आज बसत नाही. घरात 'दादाचं असं कधी झालं नाही' सुरू होतं ते नेमकं याच वेळी. डाव्या पानावर त्याच उंचीचा दादा काढून बघा, बहुतेक वेळा त्याचंही तसंच झालेलं असतं.

लेखातलं एक वाक्य मात्र मी मागं घेतो. 'थोरल्याला धाकट्याबरोबर हौदात उतरू देऊ नये' असं लिहिलं होतं, ते जास्तच झालं. तुमचं बरोबर आहे, भावाच्या हाताखाली शिकलेला डाव अंगात मुरतो. पण दादानं दुप्पट वजनाचा जोडीदार व्हायचं नाही, सरावाचा पुतळा व्हायचं. गुडघ्यावर बसायचं, दस्ती (मनगटाची पकड) हातात द्यायची, धाकट्याला पट काढू द्यायचा, दहातल्या तीन वेळा थोडा अडवायचा. सवारी (पाठीवर चढून पकड) घालायची नाही आणि त्याच्या अंगावर पडायचं नाही. 65 किलो तिरके आले तर बरगडीला निमित्त पुरतं. हे सगळं दहा मिनिटं आणि दादाच्या स्वतःच्या मेहनतीच्या आधी. नंतर नको, कारण दमलेल्या दादाकडं ना धीर असतो, ना अंग आवरायची ताकद. घरच्या गादीवर, वस्ताद नसताना, काहीच नको. लॉकेटसारखं एक वाक्य पोराच्या गळ्यात अडकवायचं असेल तर एवढंच अडकवा.

आता 2031. पोराला तारखा पाठ करायला कुणी सांगितलेलं नाही, त्या पालकांनी माहीत ठेवायच्या. आंतरराष्ट्रीय नियमांत वय जन्मसालावर धरतात. 15 वर्षांखालच्या गटात 14 आणि 15 ची मुलं येतात. 13 च्याला वैद्यकीय दाखला आणि पालकांची संमती लागते. म्हणजे 2016 च्या पोराला 2029 मध्ये दाखल्यावर दार उघडतं, 2030 आणि 2031 ही त्याची हक्काची दोन वर्षं, 2032 पासून 17 खालचा गट. डिसेंबरात जन्मलेला आणि जानेवारीत जन्मलेला एकाच गटात लढतात, म्हणून डिसेंबरवाल्याच्या बापानं पहिल्या वर्षी निकालाकडं बघूच नये. फ्रीस्टाइलमध्ये (मॅटवरच्या कुस्तीचा, पायही धरता येतात असा प्रकार) या गटाचं सगळ्यांत खालचं वजन 34 ते 38 किलो. शालेय स्पर्धांचे 14, 17, 19 हे गट वेगळे, त्यांची वजनंही वेगळी. त्या वर्षीचं पत्रक बघूनच नाव द्यायचं. आणि दादाचा जुना गट 'घरचा' आहे म्हणून धाकट्याचं वजन उपाशी ठेवून त्यात बसवणं, हे मी दुष्टपणाच म्हणेन. वाढत्या पोराचं वजन वाढायलाच हवं.

खाशाबांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. गोळेश्वरचे जाधव पाच भावांतले धाकटे, वडील पैलवान, घरात कुस्ती होतीच. पण पुढचंही बघा. 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला फ्लायवेटमध्ये सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेतलं ते बँटमवेटमध्ये, 57 किलोत. मधल्या चार वर्षांत वजनगट बदलला, मॅटची सवय झाली, आणि प्रवासाच्या पैशासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. वही नसेल, पण चार वर्षं पुढचं बघणं नव्हतं असं कसं म्हणायचं?

मॅटचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. माती सोडा असं मी कुठंही म्हटलेलं नाही. 1912 पासून खासबाग कुस्ती मैदान उभं असलेल्या गावात तसं म्हणायची माझी छाती नाही. पण मातीत चितपट होईपर्यंत खडाखडी चालते. मॅटवर 15 खालच्या गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद, आणि नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर पाय गेला की गुण जातो. फ्रीस्टाइलमध्ये नुसतं धरून उभं राहिलं तर आधी ताकीद, मग 30 सेकंदांचं घड्याळ, त्यात कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला गुण. दादाला हे सोळाव्या वर्षी उमगलं असेल, धाकट्याला बाराव्या वर्षी उमगू द्या. 2028 पासून आठवड्यातून दोन दिवस मॅट, बाकी माती.

खुराकाचं थोडक्यात. 30 किलोच्या पोराला दिवसाला साधारण 30 ग्रॅम प्रथिनं पुरतात. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात 18-20 ग्रॅम आली, उरलेली भाकरी, उसळ आणि एखाद्या अंड्यात सहज निघतात. दादाचा थंडाईचा तांब्या धाकट्यानं प्यायला तर पोट भरतं आणि तो जेवत नाही. कोल्हापुरातल्या गंगावेशेतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पाजण्यात आपल्याकडं अभिमान आहे हे माहीत आहे. पोराला उकळूनच द्या, कच्च्या दुधातनं ताप महिनोन्‌महिने मागं लागू शकतो.

भावाभावांत लंगोट आणि टॉवेल मात्र एक नको. गजकर्ण घरात येतं ते याच वाटेनं. रोज धुऊन कडक उन्हात वाळवायचे, चट्टा दिसला तर डॉक्टर मोकळं करेपर्यंत हौद बंद.

बूट. सिंगलेट (मॅटवर घालायचा अंगाबरोबरचा पोशाख) थोरल्याचं धाकट्याला चालतं, शिवण आणि इलास्टिक धड असेल तर. बूट बहुधा नाही. तळवा दादाच्या पायाच्या ठेवणीनं झिजलेला असतो, आणि दोन-तीन वर्षं माळ्यावर पडल्यावर रबर कडक होऊन मॅटवर सटकतं. बुटाचं पुढचं टोक मुडपून तळवा वाकवून बघा. चिरा दिसल्या की टाकून द्या. नवे घेताना अंगठ्यापुढं बोटाच्या रुंदीइतकीच जागा ठेवा, 'पुढच्या वर्षी होतील' म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर घोटा मुरगळतो. तशी घाई नाहीच. मातीत अनवाणीच उतरायचं, त्यामुळं 2028 पर्यंत हा खर्चच नाही.